समुद्रावर जायचे, पण उक्ते की मोजून?

सोयाबीनची पट्टी हातात पडली किंवा उसाचे पहिले बिल बँकेत जमा झाले, की हल्ली मोबाइलवर एक पत्रक हटकून येते. निळे पाणी, पांढरी वाळू, माडाखाली दोन खुर्च्या आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : ‘तीन दिवस, दोन रात्री. राहणे, खाणे, पिणे, खेळ, सर्व समाविष्ट. एकदाच पैसे भरा आणि निर्धास्त व्हा.’ मुले ते आईला दाखवतात, आई ते मुलांच्या बापाला दाखवते आणि बाप म्हणतो, ‘बघू.’ हे ‘बघू’ काही घरांत दहा-दहा वर्षे चालते. देशावरच्या कितीतरी घरांत पंढरपूर, तुळजापूर, आळंदी झालेली म्हातारी माणसे आहेत, पण समुद्र त्यांनी चित्रातच पाहिलेला असतो.

फिरायला जाणे ही चैन की गरज, हा वाद घालण्यासाठी हा लेख नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. प्रश्न एवढाच की, समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टचे हे ‘सर्व समाविष्ट’ पॅकेज घ्यावे, की आपले आपण जाऊन लागेल तसे पैसे द्यावेत? बियाण्याची, खताची चौकशी करायला आलेला माणूस उठता उठता हळूच हा प्रश्न विचारतो. त्यावरून कळते की, खरे तर तो बराच वेळ त्याच्या मनात घोळत असतो.

हा सौदा आपल्या ओळखीचा आहे

नाव नवे असले तरी सौदा जुनाच आहे. आपण त्याला ‘उक्ते’ म्हणतो. सोयाबीनची काढणी एकरी उक्ती देता, कांदा काढायला उक्ता देता, आंब्याची बाग मोहोरावर उक्ती जाते. उक्त्यात काय होते ते तुम्हांला कोणी शिकवायला नको. ज्याने उक्ते घेतले तो आपल्या डोक्यावरची जोखीम आधीच भावात धरतो. पाऊस आला, मजूर कमी पडले, तण जास्त निघाले, सगळे धरून तो आकडा सांगतो. काम सोपे निघाले तर फायदा त्याचा. अवघड निघाले तर तो कुरकुर करतो आणि पेंढ्या शेतात तशाच टाकून जातो.

रिसॉर्टवाल्याचेही तसेच. जास्त खाणारा किती खाईल, पिणारा किती पिईल, याचा अंदाज बांधून तो माणशी एक भाव ठरवतो. म्हणजे कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचे पैसे भरतो. ज्या पॅकेजमध्ये दारूही समाविष्ट असते, आणि गोव्याकडे अशी काही असतात, तिथे घरात कोणी थेंब घेत नसेल तर तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या ग्लासाचे पैसे भरत आहात हे समजून असा. एकादशी-चतुर्थी करणारी आजी आणि दोन घास खाऊन उठणारी नात यांचेही ताट पूर्ण भावाने लागते.

मग उक्ते नेहमी वाईटच का? तसे नाही. उभ्या शेतावर देखरेख करायला वेळ नसतो, किंवा कामाचा अंदाजच येत नाही, तेव्हा शहाणा शेतकरीही उक्तेच देतो. दोन पैसे जास्त गेले तरी डोक्याचा ताप वाचतो. त्या ताप वाचण्याला किंमत आहे. ती किती, हे प्रत्येकाने आपले पाहायचे.

ही पद्धत मूळची आपल्याकडची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० साली, जेरार ब्लिट्झ नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्राकाठी तंबू ठोकले आणि राहणे, जेवणे, खेळ यांची मिळून एकच रक्कम घेऊन लोकांना सुटीला बोलावले. ‘क्लब मेदितेराने’ ही पुढे जगभर पसरलेली संस्था ती. तंबू जाऊन पुढे पक्क्या इमारती आल्या, कॅरिबियन बेटांवर तर अशा ‘सर्व समाविष्ट’ हॉटेलांची रांगच लागली. तिथे ही पद्धत चालली याला कारण आहे. परक्या देशात उतरलेल्या माणसाला भाषा येत नाही, चलन कळत नाही, बाहेर कोण किती लुबाडेल याची धास्ती असते. अशा माणसाला कुंपणाच्या आत सगळे मिळाले तर हवेच असते.

पण तुम्ही सांगलीहून तारकर्लीला गेलात तर परदेशात गेलेले नसता. फाटकाबाहेरचा खानावळवाला मराठीच बोलतो, रिक्षावाल्याशी घासाघीस करता येते, मासळीचा भाव विचारता येतो. ज्या धास्तीपोटी परदेशी माणूस कुंपणाचे पैसे मोजतो, ती धास्ती आपल्याला कोकणात फारशी नाही. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

पत्रक पिशवीवरच्या लेबलासारखे वाचा

बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही लेबल पाहता. उगवणक्षमता किती, शुद्धता किती, मुदत कधीची. पॅकेजचे पत्रकही तसेच उलटसुलट करून वाचा.

पहिली गोष्ट वेळेची. ‘तीन दिवस, दोन रात्री’ म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी खोली दुपारी दोनला मिळते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोडावी लागते. दुपारी दोन ते तिसऱ्या दिवशीचे अकरा, मोजा. पंचेचाळीस तास होतात. दोन पूर्ण दिवससुद्धा नाहीत. त्यातले सोळा तास झोपेचे. पहाटे निघून तुम्ही सकाळी नऊलाच पोहोचलात तर पाच तास सामान घेऊन बाहेर बसायचे, किंवा जादा पैसे द्यायचे.

दुसरी गोष्ट जेवणाची. हॉटेलवाल्यांची अक्षरांची एक भाषा आहे, ती पाठ करून ठेवा. ‘ई.पी.’ म्हणजे फक्त खोली. ‘सी.पी.’ म्हणजे खोली आणि सकाळचा नाष्टा. ‘एम.ए.पी.’ म्हणजे नाष्टा आणि एक जेवण. ‘ए.पी.’ म्हणजे नाष्टा आणि दोन्ही वेळची जेवणे. पत्रकावर ‘जेवणासह’ लिहिलेले असते आणि पावतीवर एम.ए.पी. निघते. मग दुपारचे जेवण आपले आपण, तेही हॉटेलच्याच दराने, कारण दुपारच्या उन्हात मुलांना घेऊन तुम्ही कुठे जाणार? शिवाय ए.पी. म्हणजे ‘सर्व काही’ नव्हे. बाटलीचे पाणी, मधल्या वेळचा चहा, शीतपेये, खोलीत मागवलेली भजी, कपडे धुणे, बोटीची फेरी, ही सगळी बहुधा वेगळी असतात. प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन विचारा : ‘हे यात आहे की नाही?’ आणि उत्तर मोबाइलवर लेखी मागून घ्या. तोंडी ‘हो हो, सगळे आहे’ याला अर्थ नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या वयाची. कुठे पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठे बारापर्यंत निम्मे, तर कुठे दहाच्या पुढे पूर्ण. आपल्या मुलांची वये आधी सांगा. तिथे पोहोचल्यावर काउंटरवर त्यावरून वाद घालण्याइतके लाजिरवाणे काही नाही, आणि मुलांसमोर तर नाहीच.

चौथी कराची. सांगितलेला भाव कर धरून आहे की सोडून, ते विचारा. त्याशिवाय बिलात कधी ‘सेवा-आकार’ म्हणून एक ओळ येते. ती कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हॉटेलला हा आकार सक्तीने लावता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही ती तत्त्वे उचलून धरली. चांगली सेवा मिळाली तर वाढप्याच्या हातात खुशीने दोन पैसे ठेवा, ते वेगळे.

आता पाचवी गोष्ट, जी पत्रकात कधीच नसते. पोहण्याचा तलाव. चित्रात तो मोठा असतो आणि भावातही तो धरलेला असतो. पण बहुतेक ठिकाणी पोहण्याच्या खास कपड्यांशिवाय तलावात उतरू देत नाहीत. आपल्याकडच्या किती बायका तसे कपडे घालून परक्या लोकांत उतरतील? मग पोरे पाण्यात, बाप्ये काठावर आणि घरची लक्ष्मी चपला सांभाळत खुर्चीवर. तिच्या वाट्याच्या तलावाचे पैसे मात्र गेलेले असतात.

हिशेब मांडून पाहू

खाली दिलेले आकडे नुसते उदाहरणादाखल आहेत. दर जागेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात. तुम्ही तुमच्या चौकशीतले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडा.

घर पाच माणसांचे धरू. नवरा, बायको, आजी, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. रिसॉर्टचा भाव कर धरून माणशी एका रात्रीला ४,००० रुपये, बारा वर्षांखाली निम्मा. म्हणजे साडेचार माणसांचे एका रात्रीचे १८,०००, दोन रात्रींचे ३६,०००.

आता त्याच गावातले घरगुती निवास पाहा. कोकणात गुहागर, मुरूड-हर्णै, दिवेआगर, मालवण, कुठेही जा, नारळी-पोफळीच्या वाडीत दोन-चार खोल्या बांधून पाहुणे ठेवणारी घरे आहेत. काही पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदवलेली असतात. दोन खोल्या, प्रत्येकी २,००० रुपये, दोन रात्रींचे ८,०००. दोन वेळचा नाष्टा पाच जणांचा, माणशी ८० प्रमाणे ८००. तीन जेवणे, माणशी सरासरी ३००, म्हणजे ४,५००. चहा, शहाळी, मुलांचे सटरफटर ७००. किल्ला, बोट, रिक्षा यांना २,००० ठेवा. एकूण १६,००० झाले.

फरक २०,००० रुपयांचा. प्रवासखर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो धरला नाही.

आता हे वीस हजार कशाचे, ते शांतपणे पाहा. थंडगार खोली, तलाव, हिरवळ, मुलांचे खेळ, पन्नास पदार्थांची मांडणी, पांढऱ्या गणवेशातला वाढपी, आणि दर तासाला खिशात हात न घालण्याचे सुख. यातले जे तुमच्या घराला खरोखर हवे असेल त्याला किंमत द्या. नको असेल त्याला देऊ नका. वीस हजारांत एका एकराच्या ठिबकचा तुमचा हिस्सा निघतो का, असा हिशेब मी इथे घालणार नाही. तसा हिशेब घालत बसले तर शेतकरी जन्मात घराबाहेर पडायचा नाही.

पन्नास पदार्थांबद्दल मात्र एक सांगतो. उक्ते पैसे भरले की माणूस ते वसूल करायला बसतो. सकाळी इडली, वर पुरी-भाजी, वर केक, वर तीन प्रकारचे रस. दुपारपर्यंत पोरे पोट धरून खोलीत पडतात आणि समुद्र खिडकीतून पाहावा लागतो. लग्नाच्या पंगतीत एका दिवसाचे निभावते, इथे सलग दोन दिवस असतात.

मग उक्ते कोणी घ्यावे?

मी वर जे लिहिले त्यावरून रिसॉर्ट म्हणजे लूट असे कोणी समजू नये. काही घरांना तेच बरे. अगदी लहान मूल आहे, ज्याला दर दोन तासांनी दूध, गरम पाणी, मऊ भात लागतो, तिथे स्वयंपाकघर जवळ आणि माणसे हाताशी असणे मोलाचे. आजीचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास लागतो, तर तळमजल्याची खोली आणि खोलीपासून वाळूपर्यंत सपाट वाट असलेले रिसॉर्ट खरेच उपयोगी पडते. (घरगुती निवासातही हल्ली अशा खोल्या असतात, पण विचारून घ्यावे लागते.) दोन-तीन भावांची कुटुंबे मिळून जात असतील तर कोणी किती खर्च केला यावरून परतीच्या वाटेवर अबोला धरण्यापेक्षा माणशी एक रक्कम काढून मोकळे होणे केव्हाही चांगले. आणि ज्यांना वर्षभर इतकी दगदग आहे की दोन दिवस नुसते पडून राहायचे आहे, किल्ला नको, देऊळ नको, बाजार नको, त्यांनी खुशाल उक्ते घ्यावे. कुंपणाबाहेर पडायचेच नसेल तर कुंपणाच्या आतले चांगले असलेले बरे.

उलट, ज्यांना पाहायचे आहे त्यांनी ते घेऊ नये. कारण पैसे भरलेले जेवण एक वाजता मांडलेले असते आणि तुम्ही मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची वाट पाहत उभे असता. जेवण बुडू नये म्हणून किल्ला सोडून परत फिरणारी माणसे आहेत. शिवाय आपल्यासारख्यांना कोकणात पाहण्याजोगे समुद्राखेरीज पुष्कळ आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे समुद्राला लागूनच नारळ संशोधन केंद्र आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा निघाला, तिथली काजूची वाणे आज राज्यभर गेली आहेत. दापोलीला तर १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठच आहे. आपल्या मुलाला एक तास तिथे फिरवा. पोफळीच्या बागेत मिरीचा वेल कसा चढवतात, जायफळ सावलीत कसे वाढते, हे घरगुती निवासाचा मालक संध्याकाळी स्वतः दाखवतो. तोही शेतकरीच असतो. तुम्ही दिलेले पैसे त्याच्या घरात जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याशी आंब्याच्या पेटीचा व्यवहार जमतो, हा वरकड फायदा.

पण घरगुती निवासात उतरताना एक अट मात्र पाळा. घरातल्या बाईने तिथे स्वयंपाक करायचा नाही. स्वस्तात जायचे म्हणून गाडीत शिधा, गॅसची शेगडी, पोळपाट-लाटणे भरून नेणारी मंडळी आहेत. बाप्ये समुद्रावर आणि बाई तिथेही पिठात हात घालून उभी. तिच्या दृष्टीने ती सहल नव्हे, बदली झाली. जाताना दशम्या, चटणी, चिवडा बांधून घ्या, वाटेत होतात. पण मुक्कामी चूल नको. तुमचा सोळा हजारांचा हिशेब तिच्या श्रमावर उभा असेल तर तो हिशेबच खोटा आहे. कुठे जायचे, उक्ते की मोजून, हे ठरवताना आधी तिला विचारा. मी अनेक घरांत विचारून पाहिले आहे. पुरुष तलाव आणि एसी सांगतात. बाया बहुतेक दोनच गोष्टी सांगतात : संडास-न्हाणीघर स्वच्छ हवे आणि सकाळचा चहा कोणीतरी आयता हातात आणून द्यावा. हे दोन्ही रिसॉर्टमध्ये मिळते आणि चांगल्या घरगुती निवासातही मिळते.

आगाऊ रक्कम आणि सभासदत्वाचा गळ

आगाऊ रक्कम भरताना सावध राहा. फोटो दुसऱ्याचे, नाव प्रसिद्ध हॉटेलाचे आणि खाते भलत्याच माणसाचे, अशी फसवणूक होते. नंबर त्या जाहिरातीतला न घेता वेगळीकडून मिळवून एकदा फोन करा. गावातल्याच एखाद्या दुकानदाराकडून त्या जागेची चौकशी होत असेल तर उत्तम. सगळी रक्कम आधी मागणाऱ्याला नकार द्या. येणे रद्द झाले तर किती परत मिळणार, हे लेखी घ्या. अवकाळी पावसाने द्राक्षाची बाग झोपली तर तुम्ही जाऊ शकणार नाही, हे त्याला ठाऊक नसते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे.

याहून मोठा गळ सभासदत्वाचा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी पेट्रोल पंपावर, मॉलमध्ये चिठ्ठी भरून घेतात. चार दिवसांनी फोन येतो : ‘तुम्हांला बक्षीस लागले आहे, जोडीने या.’ तिथे चहा-बिस्किटे देऊन दोन तास समजावतात की आज काही लाख भरा आणि पंचवीस वर्षे दरवर्षी आठवडाभर फिरा. सगळे चांगले वाटते. पण दरवर्षीचे देखभाल शुल्क भरायचे असते, ते वाढत जाते, गेलात-न गेलात तरी ते चुकत नाही. आणि तुम्हांला सवड असते तेव्हा खोली शिल्लक असेलच असे नाही. ज्याची सवड पाऊस, पाण्याची पाळी आणि कारखान्याची तोड ठरवते, त्याने पंचवीस वर्षांच्या सुट्या आज विकत घेऊ नयेत. त्यांची एक खूण लक्षात ठेवा : ‘ही सवलत फक्त आजच.’ असे ऐकले की चहा पिऊन उठावे.

पैसा उभा करण्याचे म्हणाल तर पीककर्जातून नको आणि हप्त्यावर तर मुळीच नको. दूध संघाचा पगार दहा दिवसांनी होतो. दर पगारातून ६०० रुपये बाजूला टाकले तर वर्षाच्या छत्तीस पगारांत २१,६०० जमतात. वरचा सोळा हजारांचा हिशेब आणि प्रवास त्यात बसतो. एस.टी.ने गेलात तर आणखी सोपे. राज्याच्या हद्दीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. ओळखपत्र मात्र जवळ हवे.

घरी कोण?

पत्रकवाला हे विचारत नाही, पण आपल्या घरात पहिला प्रश्न हाच निघतो. गुरे कोण पाहणार? खर्चात एका माणसाची तीन-चार दिवसांची मजुरी आधीच धरा, शेजाऱ्याच्या भिडेवर सोडू नका. गाय-म्हैस अनोळखी हाताला पान्हा चोरते हे तुम्ही जाणताच. त्याचे कारण असे की, जनावर बुजले की पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाचे काम अडते. म्हणून निघण्याआधी चार-पाच दिवस त्या माणसाला तुमच्या शेजारी बसवा, शेवटचे दोन दिवस धार त्यालाच काढू द्या, खुराकाची वेळ आणि पाटी बदलू नका. नुकतीच व्यालेली किंवा आठवड्यात विणारी गाय गोठ्यात असेल तर सहल पुढे ढकला. पाण्याचे म्हणाल तर थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची की दिवसाची ते पाहून तारीख धरा.

हंगाम कोणता? रब्बीची पेरणी आटोपून पिकाला एक पाणी दिले की नोव्हेंबर-अखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत अनेकांना चार दिवस निघतात. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, नाताळची यायची असते, हवा कोरडी असते आणि दरही उतरलेले असतात. त्यातही सोमवार ते गुरुवार धरला तर शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडते. मुलांची तीन दिवस शाळा बुडेल, गुरुजींना चिठ्ठी द्या. पावसाळ्यात दर सर्वांत कमी असतात, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ताज्या मासळीच्या आशेने जाल तर बर्फातली मिळेल, आणि पाण्यात तर पाऊलही टाकता येणार नाही.

पाण्यात उतरण्याआधी

विहिरीत, कॅनॉलमध्ये पट्टीचा पोहणारा गडी समुद्रात फसतो, कारण विहिरीचे पाणी ओढत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरणीताठी मुले होती. ओहोटीचे पाणी परत जाताना माणसाला आत नेते, म्हणून ओहोटी लागल्यावर पाण्यात थांबायचे नाही.

भरती-ओहोटीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, घरातले पंचांग पुरते. कोकणातल्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत उधाणही मोठे असते. तासभर इकडेतिकडे होते, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारून घ्या. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जायची तारीख ठरवतानाच पंचांग उघडले आणि सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस धरले, तर पाणी त्या मानाने शांत मिळते आणि भरती सकाळी-संध्याकाळी येते, दुपारच्या उन्हात नाही. गुडघ्याच्या वर पाणी नको, मुलांचा हात सोडायचा नाही, आणि जेवून किंवा पिऊन कोणी उतरायचे नाही. आजीला ओल्या वाळूच्या कडेला खुर्ची टाकून द्या, लाट तिच्या पायापर्यंत आपण होऊन येते.

परतीचा प्रवास रविवारी संध्याकाळी ठेवू नका. घाटात गाड्यांच्या रांगा लागतात आणि म्हशीची सकाळची धार चुकते.